लेकरासोबत जिम: घरीच करून बघा!

जोन बार्न्स यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘जिम्बोरी’ सुरू केलं. पालक आणि चिमुकली एकत्र खेळतात, असे वर्ग तिथून जगभर पोचले. जळगाव असो की धुळे, अशा खेळाची सुरुवात घरातही होते.

🔹 गोधडीवर लोड आडवा ठेवा, पलीकडे आवडता डबा वाजवा. लेकरू पोट टेकवून चढतं, क्षणभर थबकतं, मग पाय आधी खाली सोडतं. हात ओढू नका, कमरेला आधार द्या.
🔹 जागतिक आरोग्य संघटना सांगते: १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी.
🔹 उन्हाळ्यात खेळायला जळगावच्या मेहरूण तलावावर जायचं तर सकाळी लवकरच.

मोबाइल बाजूला ठेवा, स्वतःही रांगा. लेकरं बघूनच शिकतात!