धाराशिवला उतरायचं होतं, जाग आली लातूरला! रात्रीच्या रेल्वे प्रवासात फजिती कशी टाळाल?

धाराशिव : मुंबईहून गावाकडे निघालेला माणूस रात्री गाडीत बसतो, डबा खातो आणि निवांत झोपतो. जाग येते तेव्हा खिडकीबाहेर लातूरचा फलाट असतो! मग लेकरं, पिशव्या, म्हातारी आई सगळं घेऊन परत फिरायचं. भाडंही गेलं आणि रजेचा दिवसही.

आपल्याकडे रेल्वेचा हा लांबचा प्रवास तसा नवाच. बार्शी लाईटची छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोहोचली. पण ती येडशीवरून जायची, धाराशिव शहर बाजूलाच राहायचं. शहराला रेल्वे मिळाली ती मोठी लाईन आल्यावर. लातूर-धाराशिव मार्ग २००७ मध्ये आणि पुढे कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्ये सुरू झाला. आता एका झोपेत मुंबई गाठता येते. पण येताना स्टेशन पहाटे येतं आणि गाडी थांबते मोजकी मिनिटं. गडबड होते ती तिथंच.

मोबाईलच्या भरवशावर राहू नका
रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातलं चार्जिंग बंद ठेवतात. त्यामुळे झोपायच्या आधीच फोन चार्ज करा. गजर लावताना तो कुर्डुवाडीच्या वेळेचा लावा. म्हणजे सामान आवरायला वेळ मिळतो. 'व्हेअर इज माय ट्रेन' ॲपमध्ये स्टेशन जवळ आल्यावर वाजणारा गजर आहे. गाडी लेट झाली तर तो जास्त कामाचा.

स्टेशन चुकलंच तर?
झोप लागली होती म्हणून साखळी ओढू नका. सबळ कारण नसताना साखळी ओढली तर १ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. टीसीला स्वतःहून जाऊन सांगा. पुढच्या प्रवासाचं भाडं भरावं लागेल. लपून बसलात आणि सापडलात, तर वरून दंडही बसतो.

रात्री बारानंतर तारीख बदलते
पुण्यातून बसणाऱ्यांची ही नेहमीची चूक. शनिवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी साडेबाराची, म्हणजे तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलं तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. दिवाळीत, लग्नसराईत ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

वेटिंगचं तिकीट
मोबाईलवर काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते घेऊन गाडीत बसलात तर विनातिकीट धरतात.

पिशवी गाडीतच राहिली?
घाबरू नका. लगेच १३९ वर फोन करा. गाडी नंबर, डबा, सीट आणि पिशवीचा रंग सांगा. म्हणूनच घरी पोहोचेपर्यंत तिकिटाचा मेसेज डिलीट करू नये. आजारपण, चोरी, त्रास यासाठीही हाच नंबर आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो कागदावर लिहून द्या.

एवढं सांभाळलं की प्रवासासारखी मजा नाही. समोरचा माणूस "कुठले तुम्ही?" विचारतो. आपण धपाटे-शेंगाचटणी पुढे करतो, तो कुंथलगिरीचा पेढा काढतो, आणि बार्शी यायच्या आत दोघांची सोयरीक निघते. फक्त एक करा. झोपायच्या आधी त्याच पाहुण्याला सांगून ठेवा, "धाराशिव आलं की उठवा बरं का!"