पंप मागितला, बूट आला

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबात पंप म्हटलं की पऱ्हाटीवर फवारायचा पंप, हे सांगावं लागत नाही. खरेदीच्या संकेतस्थळांचा माल दाखवणाऱ्या एपीआयला मात्र सांगावं लागतं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली सोय. तिला नुसता 'पंप' शब्द दिला तर विहिरीची मोटर, सायकलचा पंप, अगदी बायकांचे उंच टाचांचे बूटही येतात. इंग्रजीत त्यांनाही पंपच म्हणतात.

म्हणून शब्दाबरोबर वर्गाचा क्रमांक द्यावा. प्रत्येक संकेतस्थळाची वर्गवारी वेगळी असते, शिवाय एकाच कंपनीच्या दोन देशांतल्या दुकानांचे क्रमांकही जुळतीलच असं नाही. तेव्हा क्रमांक त्याच दुकानाच्या यादीतून घ्यावा आणि 'शेती'वर न थांबता 'फवारणी यंत्रे' या शेवटच्या फांदीपर्यंत जावं.

एवढं करूनही घोळ होतो, कारण वर्ग बहुधा विक्रेताच निवडतो, आणि जास्त गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून नोझलसुद्धा पंपात टाकतो. इथे पडताळणीला जीएसटीचा एचएसएन कोड बरा: पाण्याचे पंप ८४१३ मध्ये, फवारणी यंत्रं ८४२४ मध्ये. पण हा कोड करासाठी आहे. नोझलसारखे सुटे भागही ८४२४ मध्येच येतात. त्यामुळे किमतीची खालची मर्यादा घालावी आणि पहिल्या पानावरचे निकाल एकदा डोळ्यांनी तपासावेत.