जमिनीखालील पाणी आणि गावाचा ताळेबंद

विहीर ज्याच्या शेतात असते तो तिचा धनी समजला जातो. तिचे बांधकाम, पंप आणि पाइपलाइन यांवर त्याचा पैसा व घाम खर्च झालेला असतो, म्हणून ही समजूत चुकीची म्हणता येत नाही. परंतु त्या विहिरीत जे पाणी झिरपत येते ते त्या शेताच्या चतुःसीमेत जन्मलेले नसते. वरच्या अंगाच्या माळावर पडलेला पाऊस, शेजाऱ्याच्या बांधाआड थांबलेले पाणी आणि ओढ्याच्या पात्रातून मुरलेला ओलावा यांतून ते आलेले असते. विहीर एकाची आणि पाणी अनेकांचे, अशी ही स्थिती आहे. जमिनीखालील पाण्याविषयीचे गावातील तंटे आणि राज्यकारभारापुढील अडचणी बहुतांशी या स्थितीतूनच उद्भवतात.

भारत हा भूजलाचा जगातील सर्वांत मोठा वापरकर्ता आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार देशात वर्षाला सुमारे २४१ अब्ज घनमीटर पाणी जमिनीतून उपसले जाते आणि त्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक पाणी शेतीस लागते. म्हणून भूजलाचा प्रश्न शेतकऱ्याला वगळून सुटणारा नाही. तो सुटला तर शेतकऱ्याच्या हातूनच सुटेल.

खडकाची घडण

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. हा खडक ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर बसून तयार झाला. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत पाणी शेकडो फूट खोलीपर्यंत साठून राहते, तसे ते या खडकात राहत नाही. वरचा मुरूम, झिजलेला खडक, सच्छिद्र मांजऱ्या आणि खडकातील भेगा एवढ्याच जागी पाणी धरले जाते. त्याखालील अखंड कातळात साठ्याला जागा फार थोडी असते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. जितके खोल जावे तितके पाणी अधिक, हा हिशेब आपल्या भागात सहसा लागू पडत नाही. ३०० किंवा ५०० फुटांवर एखाद्या भेगेत पाणी लागलेच, तर ते पुष्कळदा वरच्या थरांतून खाली उतरलेले किंवा फार वर्षांपूर्वी साठलेले असते. एकाने खोल विंधन विहीर घेतली की शेजारच्या ४० फुटी विहिरीचा झरा आटतो. मग शेजारीही कर्ज काढून विंधन विहीर घेतो आणि पहिल्याला आणखी खोल जावे लागते. या चढाओढीत गावातील एकूण पाणी एका थेंबानेही वाढत नाही. वाढते ते केवळ कर्ज. ज्याला खोल जाण्याची ऐपत नाही, त्या लहान शेतकऱ्याची बागायत प्रथम जाते. पुढे गावाची पिण्याची विहीरही कोरडी पडते आणि टँकरची वाट पाहण्याची पाळी येते.

विंधन विहिरीचे तंत्र आपल्याकडे मुख्यतः तहान भागविण्यासाठी रूढ झाले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास कठीण खडक फोडणाऱ्या यंत्रांनी कित्येक गावांना हातपंपाचे पाणी दिले, हे विसरता येणार नाही. पुढे तीच यंत्रे सिंचनासाठी सर्रास फिरू लागली. जे तंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आले, त्याच्याच अतिवापराने पिण्याचे पाणी संकटात आले.

कायदा काय सांगतो

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकास आपल्या जमिनीखालील, निश्चित प्रवाहात न वाहणारे पाणी घेण्याचा हक्क मान्य केला. ज्या काळी मोटेने पाणी काढले जाई, त्या काळी बैलांची शक्ती हीच उपशाची मर्यादा होती आणि या हक्काचा उपद्रव शेजाऱ्याला फारसा होत नसे. विजेच्या पंपाने ती मर्यादा पुसून टाकली. हक्क मात्र तसाच राहिला.

म्हणून महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदू नये, असे बंधन त्यात होते. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ तयार झाला आणि तो १ जून २०१४ पासून अमलात येऊन १९९३ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. विहिरींची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रातील उपशाचे नियमन, ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध, पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्या आणि उपलब्ध पाण्याला धरून पीक योजना, अशा तरतुदी त्यात आहेत. राज्य भूजल प्राधिकरणाचे काम महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे सोपविलेले आहे.

१९९३ मध्येच अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हे विषय, तसेच पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या कक्षेत घातला. म्हणजे पाण्याचा विचार करणे हे ग्रामसभेचे घटनेने मान्य केलेले काम आहे.

असे असूनही कायद्याचा प्रत्यक्ष वापर थोडा होतो. यंत्र रात्री येते आणि पहाटेपूर्वी भोक पाडून निघून जाते. अधिकारी तालुक्याच्या ठिकाणी असतो. गावकऱ्यांनी पाहिलेले असते, पण भावकीत आणि शेजारात वाईटपणा कोणी घ्यावा, म्हणून तक्रार होत नाही. शिवाय किती पाणी आहे आणि किती उपसले गेले हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, आपण दुसऱ्याचे घेतो आहोत असे घेणाऱ्यालाही वाटत नाही. या अज्ञानावर उपाय म्हणजे गावाच्या पाण्याचा ताळेबंद.

ताळेबंद कसा मांडावा

एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. एवढे एक परिमाण पाठ असले की पुढील हिशेब कोणत्याही शेतकऱ्यास करता येतो.

उदाहरणादाखल १,००० हेक्टरचे एक गाव घेऊ. तेथे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकूण ५०० कोटी लिटर पाणी पडले. यातील मोठा भाग वाहून जातो, काही हवेत उडून जातो व काही पिके आणि गवत पितात. त्यातील दहावा हिस्सा खोल मुरला असे धरले, तर जमिनीच्या पोटात ५० कोटी लिटर गेले. मुरण्याचे हे प्रमाण खडकाप्रमाणे व पाणलोटाच्या कामाप्रमाणे बदलते. म्हणून आपल्या गावाचा आकडा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाकडून घ्यावा.

आता खर्चाची बाजू. गावात २,००० माणसे आहेत आणि जल जीवन मिशनच्या प्रमाणाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी लागते, असे धरले तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर होतात. ८०० जनावरांना प्रत्येकी रोज ५० लिटर धरल्यास सुमारे दीड कोटी लिटर होतात. पुढील वर्षी पाऊस लांबला तर हाताशी असावेत म्हणून साडेचार कोटी लिटर शिल्लक ठेवावे. असे १० कोटी वजा जाता शेतीसाठी ४० कोटी लिटर उरतात.

हे ४० कोटी लिटर कोणत्या पिकाला द्यावयाचे, हा गावाचा खरा निर्णय आहे. मोकाट पद्धतीने भिजविलेल्या उसाला विहिरीचे सुमारे १,५०० मिलिमीटर पाणी लागले, तर हेक्टरी दीड कोटी लिटर झाले. म्हणजे सुमारे २७ हेक्टर उसात सगळे पाणी संपले. हरभऱ्याला पाळ्या मिळून २०० मिलिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी २० लाख लिटर लागतात आणि तेवढ्याच पाण्यात २०० हेक्टर हरभरा भिजतो. एका बाजूला थोड्या शेतकऱ्यांचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला साऱ्या गावाचा रब्बी हंगाम, असा हा प्रश्न आहे. उसाला बाजार व भाव यांची शाश्वती असते म्हणून शेतकरी त्याकडे वळतो, हे खरे आहे. त्यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु हा आकडा समोर आल्यानंतर ठिबक सिंचन, उसाखालील क्षेत्रावर मर्यादा किंवा दुसरे पीक यांचा विचार करणे त्यालाही सोपे जाते.

येथे आणखी एक सूचना अगत्याची आहे. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी एप्रिल २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू झाली आणि सौर पंपही वेगाने बसत आहेत. त्यामुळे उपशाचा खर्च कमी झाला. जमिनीतील साठा मात्र वाढलेला नाही. वीज मोफत असली तरी पाणी मोफत नाही, हे ध्यानात ठेवणे आता पूर्वीपेक्षाही अधिक जरुरीचे झाले आहे.

दोन गावांचे दाखले

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला. जमिनीच्या प्रमाणात पाणी न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे पाणी द्यावे, भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क असावा आणि उसासारखे पाणी फार लागणारे पीक घेऊ नये, ही त्याची मुख्य सूत्रे होती. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नसे. पाणी ही सर्वांची ठेव आहे, हा विचार तेथे प्रत्यक्ष नियमात उतरला.

दुसरा दाखला आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेत पाणलोटाची कामे श्रमदानाच्या जोडीने झाली. बांधबंदिस्ती व चर पुष्कळ गावांत होतात. हिवरे बाजारने त्याबरोबर वापरावरही नियम घातले. सिंचनासाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही आणि ऊस-केळीसारखी पिके लावावयाची नाहीत, असे ग्रामसभेने ठरविले. पाऊस संपल्यावर पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी झाला तर क्षेत्र कमी केले जाते.

या दोन्ही ठिकाणी नियम गावाने स्वतः केले, म्हणून ते पाळले गेले. जेथे पाणी अडविले पण वापरावर बंधन घातले नाही, तेथे नव्या बंधाऱ्याजवळ नव्या विहिरी झाल्या आणि उन्हाळ्यातील टंचाई पूर्ववत राहिली, असा अनुभव येतो. हा धडा धोरणातही उतरला. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेली अटल भूजल योजना महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी ६,००० कोटी रुपयांची व मुळात पाच वर्षांसाठी आखलेली होती. गावाचा जल अंदाजपत्रक आणि लोकसहभागाने केलेला जल सुरक्षा आराखडा हाच तिचा पाया ठेवण्यात आला.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम गावातील सर्व विहिरी व विंधन विहिरींची यादी करावी. प्रत्येकीची खोली आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते याची नोंद घ्यावी. वेगवेगळ्या शिवारातील चार-पाच विहिरी निवडून जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत पाण्याची पातळी मोजावी व ती शाळेच्या किंवा पंचायतीच्या भिंतीवर लिहावी. पावसाचा आकडा महसूल मंडळातील हवामान केंद्राचा घ्यावा; गावात साधे पर्जन्यमापक बसविल्यास अधिक चांगले.

ऑक्टोबरमध्ये, रब्बीच्या पेरणीपूर्वी, ग्रामसभा बोलवावी. आकडे मोजक्या शब्दांत मांडावेत आणि निर्णय गावावर सोपवावा. सभेत विहीर नसलेला शेतकरी, शेतमजूर आणि विशेषतः स्त्रिया यांना बोलण्यास अवसर द्यावा. कारण हंड्याचे ओझे त्यांच्याच डोक्यावर येते. कायद्याची माहिती द्यावी, परंतु धाक घालू नये. एखाद्याने खोल विंधन विहीर घेण्याचा विचार बोलून दाखविला, तर आजूबाजूच्या विहिरींच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवाव्यात. नोंदवहीने मन वळविण्याचे काम पुष्कळ वेळा नोटिशीपेक्षा चांगले होते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि आसपासच्या विहिरी व विंधन विहिरी त्याची उणीव भरून काढू शकल्या नाहीत. शहरासाठी रेल्वे धावली. प्रत्येक गावासाठी ती धावणे शक्य नाही. गावाला आपल्या पोटातील साठ्यावरच उन्हाळा काढावा लागतो. म्हणून धान्याच्या कणगीत किती दाणे उरले हे घरातील कर्ती बाई जशी वरचेवर पाहते, तसे गावाने दर ऑक्टोबरात आपल्या पाण्याकडे पाहावे, आणि त्या वर्षीची पेरणी त्या हिशेबाने ठरवावी.