२६ पिढ्यांच्या घरातली बंडखोर वाइन

इटलीतल्या फ्लॉरेन्सचं अंतिनोरी घराणं सहाशेहून जास्त वर्षं वाइनच्या धंद्यात आहे. पण त्यांची सगळ्यात गाजलेली रेड वाइन, तिन्यानेल्लो, जन्मली ती परंपरेशी भांडूनच. तिच्या या काही खमंग गोष्टी.

कोलंबसाच्याही आधी
जोव्हान्नी दी पिएरो अंतिनोरी १३८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या वाइन व्यापाऱ्यांच्या संघात दाखल झाला. कोलंबस अमेरिकेला पोचला तो त्यानंतर १०७ वर्षांनी. तेव्हापासून २६ पिढ्या, धंदा घरातच!

भिंतीतून थेट ग्राहकाच्या हातात
अंतिनोरींनी १५०६ मध्ये घेतलेला वाडा फ्लॉरेन्समध्ये आजही दिमाखात उभा आहे. त्याच्या दगडी भिंतीत एक चिमुकली कमानदार खिडकी आहे: बाटली धरलेला हात जेमतेम जाईल एवढीच. शहरातली बडी घराणी अशा खिडक्यांतून आपल्या मळ्यातली वाइन दलालाविना विकत. १६३० च्या दशकातल्या प्लेगमध्ये तर या खिडक्या फारच कामी आल्या. माणसांची गाठ न पडता सौदा पुरा!

रेड वाइनमध्ये पांढरी द्राक्षं
१९६७ च्या नियमानुसार कियांती वाइनमध्ये (फ्लॉरेन्सच्या आसपास बनणारी प्रसिद्ध रेड वाइन) किमान १० टक्के पांढरी द्राक्षं घालावीच लागत. त्यामुळे वाइन हलकी व्हायची, फार वर्षं टिकायची नाही. पिएरो अंतिनोरी आणि वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांना हे पटेना. १९७१ ची तिन्यानेल्लो त्यांनी कियांतीचं नाव सोडून बाजारात आणली आणि १९७५ पासून पांढरी द्राक्षं साफ बंद केली. परिणाम? एवढी उंची वाइन, पण कागदोपत्री दर्जा साध्या टेबल वाइनचा!

८०-१५-५
१९८२ पासून तिन्यानेल्लोतल्या द्राक्षांचं प्रमाण साधारण ठरलेलं आहे: ८० टक्के स्थानिक सांजोव्हेझे, १५ टक्के काबर्ने सोव्हिन्यों, ५ टक्के काबर्ने फ्रां. वाइन मुरते ओकच्या छोट्या पिंपांत. पिंप लहान, म्हणून लाकडाचा स्पर्श जास्त.

वेलींखाली पांढरे दगड
तिन्यानेल्लोच्या मळ्यातलेच चुनखडीचे पांढरट दगड फोडून वेलींच्या पायाशी पसरलेले असतात. ते ऊन परतवतात, त्यामुळे घडांना खालूनही उजेड मिळतो आणि जमीन फार तापत नाही.

पीक मनासारखं नाही? मग वाइनही नाही
१९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षं तिन्यानेल्लो निघालीच नाही. पुढे १९८४, १९९२ आणि २००२ मध्येही तेच. घराण्याचं नाव राखायचं ते असं!

मेगन मार्कलचा ब्लॉग
ब्रिटिश राजघराण्यात येण्याआधी मेगन मार्कल ‘द टिग’ नावाचा ब्लॉग चालवत असे. ते नाव तिने घेतलं होतं याच वाइनवरून.

आता लेकींचं राज्य
आज २६ व्या पिढीतल्या, पिएरोंच्या तीन मुली, अल्बिएरा, अल्लेग्रा आणि अलेस्सिया, कारभारात आहेत. अध्यक्षपद थोरल्या अल्बिएराकडे आहे.

शेवटी नियमच नमले
२००६ पासून कियांतीच्या मूळ पट्ट्यातल्या वाइनमध्ये, म्हणजे कियांती क्लासिकोमध्ये, पांढऱ्या द्राक्षांना चक्क बंदी आली. तिन्यानेल्लोचं मिश्रण तिथल्या आजच्या नियमात अगदी चपखल बसतं. तरी लेबलवर कियांती नाही, फक्त प्रांताचं नाव, ‘तोस्काना’. स्वतःच्या हिमतीवर कमावलेलं नाव अंतिनोरींनी अभिमानाने जपलंय, आणि ते जपावं असंच आहे.