क्रोशाची गोल सुरुवात: मॅजिक रिंग कशी घालावी

नवरात्रात घरोघरी घट बसतात. देव्हाऱ्यात समईखाली क्रोशाचे गोल आसन घालण्याची हौस मराठी घरांत जुनी आहे. रुखवतातही अशी आसने आणि रुमाल मांडले जातात. आसन असो, बाळाचे टोपडे असो की भरीव बाहुली, विणकाम मध्यापासून सुरू होते. मध्य घट्ट आणि टाक्यांची मोजणी बरोबर असली, की पुढचे गोल काम नीट बसायला मदत होते.

साखळीचा गोल आणि मॅजिक रिंग

नेहमीची पद्धत म्हणजे चार-सहा साखळ्या घालून त्यांची टोके जोडायची आणि त्या गोलात टाके भरायचे. यात मध्यावर भोक राहते. जाळीदार रुमालाला ते शोभते. टोपड्याला किंवा कापूस भरायच्या बाहुलीला मात्र चालत नाही. मॅजिक रिंगमध्ये टाके दोऱ्याच्या सैल फासावर घालतात आणि नंतर टोक ओढून फास आवळतात. भोक पूर्ण मिटते.

साहित्य

शिकताना मध्यम जाड, फिकट रंगाचा दोरा आणि ३.५ किंवा ४ मिलिमीटरची सुई घ्या, म्हणजे टाके स्पष्ट दिसतील. समईखालच्या आसनासाठी सुती दोराच वापरा. ॲक्रिलिक लोकर उष्णतेने वितळते. पेटती वात किंवा ज्योत कोणत्याच दोऱ्याला लागू देऊ नका.

कृती

१. दोऱ्याचे वीतभर टोक सोडा. डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती दोरा एकदा गुंडाळा आणि गुंड्याकडचा दोरा सुट्या टोकावरून तिरका नेऊन फुली पाडा.

२. सुई पहिल्या दोऱ्याखालून घाला, गुंड्याकडचा दोरा पकडा आणि खालून बाहेर ओढा. सुईवर एक फास येईल.

३. एक साखळी घाला. बोटांभोवतीचा फास आता सुटणार नाही. तो बोटांवरून अलगद काढा.

४. फासात सहा मुके खांब घाला. प्रत्येक वेळी सुई फासात घालून दोरा बाहेर ओढा. सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. फासाचा दोरा आणि सुटे टोक, दोन्ही टाक्याच्या आत आले पाहिजेत. टोक बाहेर राहिले, तर फास आवळला जाणार नाही.

५. सुटे टोक ओढा. मध्य मिटेल. पहिल्या टाक्यात सुई घालून दोरा ओढा, तो सुईवरच्या फासातूनही काढा; फेरी जोडली गेली.

डावखुऱ्यांनी हीच कृती उजव्या हाताच्या बोटांवर, उलट दिशेने करावी.

दर फेरीला सहाच का?

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन मुके खांब घाला, म्हणजे बारा होतील. तिसऱ्या फेरीत आलटून पालटून एक आणि दोन, म्हणजे अठरा. पुढे चोवीस, तीस, असे दर फेरीला सहा टाके वाढतात.

याचे कारण भूमितीत आहे. फेरीगणिक त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते आणि परीघ त्या उंचीच्या साधारण ६.२८ पट. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असल्याने सहा टाके पुरतात. साधा खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून त्याची फेरी बारांनी सुरू करून बारांनीच वाढवतात.

कमी टाके वाढवले, तर काम वाटीसारखे वळते. जास्त वाढवले, तर कडेला झालर पडते. ही झालर गणितालाही उपयोगी पडली. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात लाटवियन गणितज्ञ डायना टाइमिना यांनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत अपास्तीय (हायपरबोलिक) पृष्ठभाग क्रोशाने विणला. विद्यार्थ्यांना तो हातात घेऊन पाहता येऊ लागला.

टोपड्यासाठी माप

टोपडे विणताना सपाट गोल किती वाढवायचा? डोक्याचा घेर ३.१४ ने भागा. घेर ३५ सेंटिमीटर असेल, तर गोलाचा व्यास साधारण ११ सेंटिमीटर झाला की वाढ थांबवा. त्यानंतर प्रत्येक टाक्यात एकच टाका घालत गेले, की भिंत खाली उतरते.

टोक पक्के करा

आवळलेला फास फक्त सुट्या टोकाच्या आधाराने टिकतो. सुती दोरा गुळगुळीत असेल, तर धुतल्यावर मध्य उघडू शकतो. म्हणून टोक शिवणाच्या जाड सुईत ओवून मध्याभोवती एक वेढा न्या, मग दिशा बदलून टाक्यांमधून परत आणा आणि त्यानंतरच कापा.

सुरुवातीला पूर्ण आसन हाती घेऊ नका. रिंग घालायची, सहा टाके मोजायचे, आवळायचे आणि उसवायचे, एवढाच सराव करा. हात बसला की प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा अडकवा आणि फेरी संपताच टाके मोजा. चूक त्याच फेरीत सापडली, तर उसवायलाही तेवढीच फेरी लागते.