उपास करा, पण साबुदाणा नको

हृदयात दाह आहे का, हे पाहणारा पेट स्कॅन ठरला की बदलापूर-अंबरनाथच्या घरात पहिली चर्चा कोणती लोकल पकडायची याची होते. त्याआधी स्वयंपाकघरात बोलणं व्हायला हवं.

या तपासणीत शिरेतून एफडीजी टोचतात. ही किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. दर 110 मिनिटांनी तिचा किरणोत्सार निम्मा होतो. दाहाच्या जागी जमलेल्या पेशी ही साखर अधाशासारखी ओढतात आणि चित्रात उजळतात. पंचाईत अशी, की हृदयाचा निरोगी स्नायूही साखर घेतो. अख्खं हृदयच उजळलं, तर आजारी भाग ओळखायचा कसा?

उपाय शरीरातच आहे. रक्तात मेदाम्लं वाढली की स्नायू साखर घेणं कमी करतो, हे फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडलं. दाहाच्या पेशी मात्र स्नायूप्रमाणे साखरेसाठी इन्सुलिनवर अवलंबून नसतात. त्यांची ओढ सुरूच राहते. म्हणून 2017 च्या अमेरिकी तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार आदल्या दिवशी दोन तरी जेवणं अशी हवीत, की प्रत्येकात 35 ग्रॅमहून जास्त स्निग्धांश आणि 3 ग्रॅमहून कमी कर्बोदकं असतील. त्यानंतर किमान 4 तास पोट रिकामं.

3 ग्रॅम पोळीच्या एक-दोन घासांतच संपतात! अंडी, कोंबडी, रवा न लावता तळलेले मासे, तुपात परतलेलं पनीर चालतं. स्टेशनवरचा वडापाव, उल्हासनगरचं दाल पकवान, गोड चहा, खोकल्याचं गोड औषध बाद. घात होतो तो ‘उपाशी या’ म्हटल्यावर. आपल्या उपासाला साबुदाणा, वरी, रताळी लागतात, आणि या तपासणीला नेमकं तेच नको असतं. दुसरा मार्ग 18 तासांहून अधिक निव्वळ उपाशी राहण्याचा. मधुमेह्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच करावं.

औषधांचा वाटा त्यामानाने लहान. काही केंद्रांत एफडीजीपूर्वी शिरेतून हेपारिन देतात. त्याने रक्तातली मेदाम्लं वाढतात. व्हेरापामिलही वापरून पाहिलं गेलंय. पण आहार चुकला, तर ही औषधं तो भरून काढतील असा भरवसा नाही.

तयारी चोख झाली तरी स्कॅन सांगतो तो दाह, त्याचं कारण नव्हे. सारकॉइडोसिस (ज्यावर स्टिरॉइड देतात तो दाहाचा आजार) आणि क्षयरोग, दोन्ही चित्रात सारखेच उजळू शकतात. आपल्याकडे क्षय इतका, की स्टिरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टर अनेकदा उजळलेल्या लसिका ग्रंथीचा तुकडा तपासायला पाठवतात.