एकी कशासाठी? क्वेकर पंथातील फुटीचा धडा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. त्या कार्यात क्वेकर नावाच्या लहानशा ख्रिस्ती पंथाचा वाटा मोठा होता. परंतु याच प्रश्नावर त्या पंथातही फूट पडली. ती हकिकत आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

क्वेकरांमध्ये मतदान घेत नाहीत. सभेत शांत बसून, सर्वांचे एकमत झाले म्हणजेच निर्णय होतो. जर्मनटाऊन येथील चार जणांनी १६८८ साली गुलामगिरीचा लेखी निषेध केला. पण गुलाम बाळगणाऱ्या सभासदास पंथाबाहेर काढण्याचा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने घेतला तो १७७६ साली! एकमत होण्यास ८८ वर्षे लागली. त्यानंतरही प्रार्थनागृहात कृष्णवर्णीयांचा बाक वेगळाच राहिला. फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय शिक्षिका सारा मॅप्स डग्लस यांनी १८३७ साली याविषयी व्यथित होऊन लिहिले आहे.

पुढे इंडियाना राज्यात प्रश्न अधिक पेटला. तेथील सर्वच क्वेकर गुलामगिरीला पाप मानीत. वाद होता तो कृतीचा. चार्ल्स ऑसबर्न, लेव्हाय कॉफिन आदी मंडळी म्हणत, गुलामांना ताबडतोब मुक्त करा, गुलामांच्या श्रमाचा कापूस व साखर वापरू नका. न्यूपोर्ट गावी कॉफिन पतिपत्नींनी पळून आलेल्या शेकडो गुलामांना आपल्या घरी आसरा दिला. वडीलधाऱ्यांना मात्र वाटे, इतरांच्या चळवळीत मिसळल्याने पंथाची शांतता बिघडेल, नाव खराब होईल. म्हणून वार्षिक सभेने अशा संस्थांत जाऊ नये, प्रार्थनागृहे गुलामगिरीविरोधी व्याख्यानांना देऊ नयेत, असे बजावले. १८४२ साली ऑसबर्न यांच्यासह आठ जणांना कार्यकारी समितीतून दूर करण्यात आले. त्याच सुमारास, स्वतः गुलाम बाळगणारे पुढारी हेन्री क्ले रिचमंड गावी आले, तेव्हा त्यांना मात्र क्वेकरांच्या सभेत मानाने बसविण्यात आले!

अखेर १८४३ साली सुमारे २००० सभासदांनी न्यूपोर्ट येथे ‘गुलामगिरीविरोधी मित्रां’ची वेगळी वार्षिक सभा स्थापन केली. १८४५ साली लंडनहून चार प्रतिनिधी समेटासाठी आले. त्यांनी ‘परत एक व्हा’ एवढेच सांगितले. फूट का पडली, याचा निवाडा केला नाही. त्यामुळे समेट झाला नाही. कॉफिन १८४७ साली सिनसिनाटीस गेले व तेथे गुलामांचे श्रम न लागलेल्या मालाचे दुकान त्यांनी चालविले. ऑसबर्न १८५० साली वारले. त्याच वर्षी पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा झाला आणि त्या अन्यायाने मवाळांचेही डोळे उघडले. पुढे वेगळ्या सभेची गरज उरली नाही व १८५७ पर्यंत ती विसर्जित झाली.

यातून आम्ही काय घ्यावे? त्या वडीलधाऱ्यांना गुलामगिरी प्रिय होती, असे मुळीच नव्हे. त्यांनी संस्थेची एकी जपली. परंतु ती एकी कशासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्यांनाच पदावरून दूर केले. फूट वाईट, हे खरे. पण आपल्या संस्थांतही कोणी तरुण उठून अडचणीचा प्रश्न विचारील, तेव्हा ‘एकी मोडू नका’ म्हणून त्याला खाली बसविण्यापूर्वी त्याचे म्हणणे खरे आहे का, एवढे तरी आपण तपासून पाहू या.